दिनविशेष, ३० मार्च : सिडनीच्या शाळांची क्रीडासंघटना

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात ३० मार्च १८९२ रोजी मुलांच्या नामवंत शाळांनी ‘ॲथलेटिक असोसिएशन ऑफ द ग्रेट पब्लिक स्कूल्स’ ही संघटना स्थापन केली. आज तिच्या नऊ सभासद शाळांपैकी आठ सिडनीत आहेत आणि एक दूरच्या आर्मिडेल गावात. रग्बी, क्रिकेट, मैदानी शर्यती असे बरेच खेळ होतात. पण खरा मान नौकानयनाचा.

‘हेड ऑफ द रिव्हर’ ही शर्यत १८९३ पासून होते. पूर्वी ती पॅरामाटा आणि नेपियन नद्यांवर होई, आता पेनरिथच्या कृत्रिम जलमार्गावर होते. एका नावेत आठ वल्हेकरी आणि दिशा सांभाळणारा एक किरकोळ चणीचा सुकाणूधारी. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. एकाचा ताल चुकला, तर सगळी नाव अडखळते.

वादविवादातही याच शाळा एकमेकींशी भिडतात. पुढे पंतप्रधान झालेले माल्कम टर्नबुल सिडनी ग्रामर शाळेचे. लॉरेन्स कॅम्पबेल वक्तृत्व स्पर्धा त्यांनी शाळेत असतानाच जिंकली होती.

या मंडळींत सिडनी बॉइज हायस्कूल ही एकच सरकारी शाळा आहे. १९०६ मध्ये तिला प्रवेश मिळाला, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. भरमसाट फी घेणाऱ्या शाळांच्या शेजारी तिची तपकिरी-निळ्या रंगांतली मुले आजही त्याच पाण्यात वल्ही मारतात.