डायनॅमिक फॉन्टची दहा वर्षे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर येऊ लागली. तेव्हापासूनच्या साधारण दहा वर्षांतला त्यांचा मजकूर आज शोधायला गेले, तर फारसा हाती लागत नाही. जो कुठे शिल्लक आहे तोही शोधयंत्रांना मराठी म्हणून ओळखू येत नाही. याचे खापर सहसा ब्राउझरांच्या भांडणावर फोडले जाते. नेटस्केपला एक फॉन्ट चाले, इंटरनेट एक्सप्लोररला दुसरा, आणि फायरफॉक्स आले तेव्हा दोन्ही निरुपयोगी ठरले. ते भांडण खरे होते आणि त्याचा जाच वाचकांनी भरपूर सोसला. पण मराठीचे नुकसान त्या भांडणाने जेवढे केले, त्याहून अधिक त्यावर काढलेल्या तोडग्याने केले, असे माझे मत आहे. ब्राउझरला जोडलेल्या ठिगळाने पान वाचता येऊ लागले, आणि वाचता येते म्हटल्यावर मूळ मजकूर सुधारण्याची निकडच संपली.

हा मूळ मजकूर होता तरी कसा, ते आधी पाहिले पाहिजे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला जागा होती. पण घरोघरच्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. मराठी छपाई तोवर संगणकावर आलेली होती. श्री-लिपी, शिवाजी, किरण, सी-डॅकचे डीव्ही-टीटी असे अनेक फॉन्ट वापरात होते आणि त्या सगळ्यांची युक्ती एकच होती. फॉन्टमध्ये २५६ घरे. त्यांत रोमन अक्षरे आणि चिन्हे असायची, तिथे देवनागरीचे तुकडे बसवायचे. पुष्कळ फॉन्टांत ‘ख’ हे एक अक्षर नसून अर्धा ख आणि पुढचा उभा दंड असे दोन तुकडे असत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण इथे ती आधी टाइप होई, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार मात्र अक्षरानंतर. म्हणजे पडद्यावर ‘कीर्ती’ दिसत असली तरी संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची एक निरर्थक ओळ असे. शिवाय प्रत्येक फॉन्टची घरे वेगळी लावलेली. एका फॉन्टमधले वाक्य दुसऱ्यात उघडले की त्याचा पार चोथा होई. छापखान्यात याने काही बिघडत नव्हते, कारण कागदावर शेवटी आकारच उमटतो. इंटरनेटवर मात्र आकार नव्हे, मजकूर पाठवला जातो, आणि आकार वाचकाच्या संगणकाने काढायचा असतो.

सुरुवातीला संकेतस्थळांनी वाचकांनाच फॉन्ट उतरवून घ्यायला सांगितले. हे काम कटकटीचे होते. सायबर कॅफेतल्या संगणकावर तर ते बहुधा करूच देत नसत. १९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोघांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची सोय झाली. यालाच डायनॅमिक फॉन्ट म्हणत. पण नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचे तंत्र घेतले आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःचे वेगळे काढले. दोन्ही एकमेकांना वर्ज्य. बिटस्ट्रीमचा फॉन्ट एक्सप्लोररमध्ये दिसावा म्हणून ॲक्टिव्हएक्स जातीचे एक प्लग-इन टाकावे लागे. मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट नेटस्केपमध्ये दिसायला तेवढाही मार्ग नव्हता. त्यातच मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट एका ठरावीक पत्त्याला बांधलेला असे. तेच पान जपून ठेवून नंतर स्वतःच्या संगणकावरून उघडले, तर मराठीच्या जागी रोमन कचरा दिसे. २००० साली नेटस्केपची सहावी आवृत्ती आली तेव्हा तिने बिटस्ट्रीमचे तंत्र सोडून दिले. तोवर एक्सप्लोररचेच राज्य झाले होते. मग संकेतस्थळांवर ‘हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे’ अशा सूचना आल्या आणि वर्षानुवर्षे तशाच राहिल्या.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल, की दुसरा मार्गच नव्हता. १९९८ पुरता तो मला पूर्ण मान्य आहे. डायनॅमिक फॉन्ट नसते तर अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी माणसाला गावाकडची बातमी त्याच दिवशी वाचायला मिळाली नसती, आणि ही सोय ज्यांनी केली त्यांचे श्रेय मोठे आहे. पण विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, मंगल फॉन्ट आला. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपी आली. तिथेही अडचणी होत्या हे खरे. एक्सपीत देवनागरीचा आधार आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत परिच्छेद दोन्ही कडांना जुळवून घेतला की जोडाक्षरे विखरत. तो दोष २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत गेला. मराठीची खास अक्षरे तर आणखी मागे राहिली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ साली. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन रीतींनी लिहिला जाई, आजही जातो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. एखाद्या प्रणालीने ते अदृश्य चिन्ह गाळले की ‘दुसर्या’ असे चुकीचे रूप उरते, आणि ते आजही ठिकठिकाणी दिसते. तरीही याच अडचणींतून वाट काढत मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि थोड्याशा स्वयंसेवकांनी तो युनिकोडमध्येच लिहिला. त्यांचा तेव्हाचा मजकूर आज जसाच्या तसा वाचता येतो, शोधता येतो, उचलून दुसरीकडे नेता येतो. ज्यांच्याकडे पगारी माणसे आणि रोजचा ताजा मजकूर होता, त्यांचा मात्र नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वृत्तपत्राचे सगळे काम छापील अंकासाठी चाले. पेजमेकर किंवा क्वार्क एक्स्प्रेसमध्ये पाने लागत, आणि या प्रणालींना युनिकोड देवनागरी जमत नव्हती. जो मजकूर छापायला गेला तोच संध्याकाळी संकेतस्थळावर ओतायचा, तर तो जुन्या फॉन्टमध्येच येणार. रोज नव्याने टाइप कोण करणार? या आक्षेपाला उत्तर एका एक्स्टेन्शनने दिले आहे. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचे एक एक्स्टेन्शन निघाले. भारतीय भाषांतल्या अनेक जुन्या फॉन्टांचे तक्ते त्यात होते. पान उघडले की ते कोणत्या फॉन्टमधले आहे हे पाहून तुकड्यांची अक्षरे जुळवायची, वेलांटी आणि रफार योग्य जागी न्यायचे आणि युनिकोड मजकूर दाखवायचा, हे सगळे ते वाचकाच्या संगणकावर, तिथल्या तिथे करी. वाचकाच्या साध्या संगणकावर जे क्षणात होत होते, ते वृत्तपत्राच्या सर्व्हरवर मजकूर चढवताना एकदाच करता आले असते. छपाई जुन्या फॉन्टमध्ये चालू राहिली असती आणि इंटरनेटवर खरी मराठी गेली असती. तंत्र अडले नव्हते. एक्सप्लोररमध्ये पान दिसते आहे ना, मग झाले, या समाधानाने काम अडवले.

म्हणून सगळ्या प्लग-इनना एका मापाने मोजणे मला चुकीचे वाटते. डायनॅमिक फॉन्ट चुकीचा मजकूर तसाच ठेवून त्यावर बरोबर दिसणारा पडदा टाकत होता. पद्मा तो पडदा काढून मजकूरच दुरुस्त करत होते. पहिल्याची सद्दी एका कंपनीच्या एका ब्राउझरवर अवलंबून होती आणि ती तशीच संपली. २००८ मध्ये क्रोम आले, फायरफॉक्स पसरले, आणि दोघांनीही मायक्रोसॉफ्टचा तो फॉन्ट कधीच स्वीकारला नाही. मग मोबाइल आले, त्यांत तर असले काही जोडण्याची सोयच नव्हती. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर मात्र मार्ग निघे. ज्या साध्या हँडसेटमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता, त्यावर ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की सर्व्हरकडून अक्षरांची चित्रे येत आणि मराठी पान वाचता येई. या रेट्यापुढे वृत्तपत्रे शेवटी युनिकोडकडे वळली. फ्लॅश या प्लग-इनच्या बाबतीतही पुढे असेच झाले. २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची प्लग-इन बंद केली, २०२० च्या अखेरीस ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढला, आणि फ्लॅशमध्ये कोंडलेला मजकूर त्याच्याबरोबर गेला.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी नवे रूप घेतले तेव्हा जुनी पाने बहुतेक ठिकाणी मागेच राहिली. पण त्या काळच्या फायली काही कार्यालयांत, जुन्या सीडींवर आणि हार्ड डिस्कवर अजून असतील. त्यांत महाराष्ट्राची दहा वर्षे आहेत: निवडणुका, साहित्य संमेलने, २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस, गावोगावच्या वार्ताहरांनी पाठवलेल्या लहान बातम्या. सीडी खराब होतात, हार्ड डिस्क बंद पडतात, आणि ते फॉन्ट ओळखणारी माणसे निवृत्त होत आहेत. या फॉन्टांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आज सहज मिळतात. ज्या संपादकांच्या आणि मालकांच्या ताब्यात या फायली आहेत, त्यांनी हे काम आता हाती घ्यावे आणि तो मजकूर वाचकांना खुला करावा.