मोटारीतील श्रवण आणि स्वनिर्मित ध्वनितबकडी : नागपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने कलावंत, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि यंत्रे यांच्या अंगाने झाले आहे. श्रोत्याचा विचार त्यात बहुधा ग्राहक म्हणूनच होतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रोत्याच्या हाती ध्वनिमुद्रणाचे साधन आले आणि तो स्वतःच्या निवडीने, स्वतःच्या क्रमाने संगीताचा संग्रह तयार करू लागला. प्रवासात ऐकण्यासाठी भरून घेतलेली कॅसेट, घरच्या संगणकावर तयार केलेली सीडी आणि त्यापुढे जाऊन हाय-रिझोल्यूशन स्वरूपात लिहिलेली डीव्हीडी ही या प्रक्रियेची क्रमाने आलेली रूपे होत. प्रस्तुत लेखात या स्वनिर्मित ध्वनितबकडीच्या वाटचालीचा आढावा घेऊन तिचे आजचे ऐतिहासिक मूल्य तपासले आहे. मोटारीसाठी तयार झालेल्या या तबकडीची तांत्रिक क्षमता मोटारीत फारशी उपयोगी पडली नाही. मात्र तीच क्षमता दुर्मीळ ध्वनिमुद्रणांच्या जतनासाठी आवश्यक आहे, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

या विषयासाठी नागपूरची निवड दोन कारणांनी सयुक्तिक ठरते. पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ व ७, म्हणजे आजचे ५३ व ४४, या शहरात एकमेकांना छेदतात. येथून मुंबई-पुण्याकडे जाणारा प्रवास सातशे-आठशे किलोमीटरचा आहे. दुसरे कारण येथील उन्हाळा होय. तबकडीच्या आयुष्याचा प्रश्न या हवामानात अधिक तीव्र होतो.

मोटारीत तबकडी : आरंभीचे प्रयत्न

मोटारीत प्रथम आला तो रेडिओ. अमेरिकेत १९३० मध्ये मोटारीसाठीचे रेडिओ बाजारात आले. रेडिओवर काय वाजेल हे केंद्र ठरवीत असे आणि प्रक्षेपणाच्या कक्षेबाहेर गेल्यावर तोही क्षीण होई. नागपुरात आकाशवाणीचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याने विदर्भातील श्रोत्यांची अभिरुची घडविण्यात मोठा वाटा उचलला. तथापि लांबच्या प्रवासात आपल्या आवडीचे गाणे आपल्याला हवे तेव्हा ऐकण्याची गरज रेडिओने भागणारी नव्हती.

ही गरज भागविण्याचा एक धाडसी प्रयत्न १९५६ सालच्या क्रायस्लर मोटारींत झाला. दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेच्या विकासात प्रमुख वाटा असलेले अभियंते पीटर गोल्डमार्क यांनी ‘हायवे हाय-फाय’ ही योजना आखली. मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी, सात इंच व्यासाची ध्वनिमुद्रिका आणि डॅशबोर्डखाली बसविलेले वादनयंत्र असे तिचे स्वरूप होते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. येथे एका बाजूस सुमारे पाऊण तास संगीत मावत होते. परंतु या ध्वनिमुद्रिका एकाच कंपनीकडून मिळत आणि घरच्या यंत्रावर चालत नसत. श्रोत्याला निवडीला वाव नसलेली ही योजना काही वर्षांतच बंद पडली. तिच्या अपयशात यंत्रातील बिघाडांइतकाच या मर्यादेचाही वाटा होता, असे म्हणता येईल.

ध्वनिफीत आणि निवडीचे स्वातंत्र्य

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. ही फीत केवळ ऐकण्याची नव्हे, तर भरण्याचीही होती. भारतात १९८० च्या दशकात कॅसेटचा झपाट्याने प्रसार झाला आणि ग्रामोफोन कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी संपुष्टात आली. अमेरिकन संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील या परिवर्तनाचे विवेचन केले आहे. स्वस्त उत्पादनामुळे प्रादेशिक, भक्तिपर आणि चळवळीच्या संगीताला बाजारपेठ मिळाली, हे त्यांचे निरीक्षण विदर्भालाही लागू पडते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर दरवर्षी भरणाऱ्या मेळ्यात पुस्तकांच्या बरोबरीने भीमगीतांच्या कॅसेट आणि पुढे सीडी विकल्या जाऊ लागल्या. प्रस्थापित कंपन्यांनी ज्या गायनाकडे फारसे लक्ष दिले नव्हते, ते या मार्गाने घराघरांत आणि वाहनांत पोहोचले.

याच काळात गाण्यांची यादी देऊन कोरी कॅसेट भरून घेण्याची पद्धत शहरोशहरी रूढ झाली. साठ आणि नव्वद मिनिटांच्या फितींमुळे निवडीला एक चौकट आली. नागपूर-अमरावती हे सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर तीन तासांचे धरले, तर नव्वद मिनिटांच्या दोन फिती एका फेरीला पुरत. कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे यावे, बाजू कोठे संपावी, याचा विचार भरणाऱ्याला करावा लागे. ही यादी आज पाहिली तर तिच्यातून त्या कुटुंबाची अभिरुची, भाषा आणि प्रवासाचा काळ यांविषयी बरेच काही कळू शकते. मात्र फितीची प्रत काढताना सुरसुर वाढे आणि प्रत्येक नव्या प्रतीत ध्वनीचा दर्जा खालावे.

लिहिता येणारी तबकडी आणि हाय-रिझोल्यूशन स्वरूप

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि १९८४ मध्ये मोटारीसाठीचे सीडीवादकही उपलब्ध झाले. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मापन करून प्रत्येक माप १६ बिटांत नोंदविले जाते. आरंभी ही तबकडी केवळ कारखान्यात तयार होत असे. घरी लिहिता येणाऱ्या सीडी-आरचे मानक १९९० च्या सुमारास निश्चित झाले आणि संगणक स्वस्त झाल्यावर कॅसेट भरून घेण्याची जागा सीडी लिहिण्याने घेतली. प्रत काढताना दर्जा घसरण्याचा प्रश्न येथे मिटला. एमपी-३ स्वरूपामुळे एका तबकडीवर शंभराहून अधिक गाणी मावू लागली; परंतु त्यासाठी ध्वनीतील काही अंश कायमचा वगळावा लागे.

या घसरणीला उत्तर म्हणून १९९९ मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आणि सुपर ऑडिओ सीडी ही दोन स्वरूपे पुढे आली. डीव्हीडी-ऑडिओत सेकंदाला १,९२,००० मापने आणि २४ बिटांपर्यंत नोंद शक्य होती. सुपर ऑडिओ सीडीची रचना सामान्य ग्राहकाला घरी ती लिहिता येऊ नये अशी होती. डीव्हीडी-ऑडिओ मात्र योग्य संगणकप्रणाली असल्यास साध्या कोऱ्या डीव्हीडीवर लिहिता येत असे. त्यामुळे स्वनिर्मितीची परंपरा याच स्वरूपाकडे वळली. २००४ सालच्या अ‍ॅक्युरा टीएल या मोटारीत डीव्हीडी-ऑडिओ वाजविणारी सहा वाहिन्यांची ध्वनियंत्रणा बसविण्यात आली. ध्वनिमुद्रण अभियंते एलियट शायनर यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली होती. ही मोटार भारतीय बाजारासाठी नव्हती; तरी मोटारीत सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे संगीत ऐकण्याची कल्पना तिने सर्वत्र पोहोचविली.

अशी तबकडी तयार करण्याची पद्धत पुढीलप्रमाणे होती. जुनी ध्वनिमुद्रिका वा फीत वाजवून तिचा ध्वनी २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ या मापाने संगणकात उतरवावयाचा, अनावश्यक भाग कापून क्रम लावावयाचा आणि डीव्हीडी-ऑडिओच्या नियमांनुसार ‘ऑडिओ_टीएस’ या नावाच्या कप्प्यात ती माहिती रचून लिहावयाची. साधे डीव्हीडीवादक हा कप्पा वाचीत नाहीत. ते ‘व्हिडिओ_टीएस’ हाच कप्पा वाचतात. परंतु डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकातही दोन वाहिन्यांचा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ध्वनी मान्य असल्यामुळे अनेकांनी हा दुसरा मार्ग पत्करला. या मापाला सेकंदाला ४६,०८,००० बिट लागतात. त्या हिशेबाने ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर सुमारे सव्वादोन तासांचे संगीत मावते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मूळ ध्वनी एमपी-३ वा सीडीवरून घेतला असेल, तर त्याला मोठ्या मापात बसविल्याने त्याचा दर्जा वाढत नाही. मूळ ध्वनिमुद्रिका किंवा फीत हाती असेल तरच या खटाटोपाला अर्थ उरतो.

मोटारीतील श्रवणाची मर्यादा

सोळा बिटांच्या नोंदीत मंद आणि प्रबळ ध्वनीतील अंतर तत्त्वतः ९६ डेसिबल, तर २४ बिटांत १४४ डेसिबल इतके धरता येते. महामार्गावर वेगाने धावणाऱ्या मोटारीत इंजिन, चाके आणि वारा यांचा आवाज ७० डेसिबलच्या आसपास असतो. कानाला त्रास न होता ऐकण्याची मर्यादा १०० डेसिबल मानली, तरी प्रत्यक्षात केवळ ३० डेसिबलचा अवकाश उरतो. ख्यालाच्या आरंभीची मंद्र सप्तकातील आलापी आणि तंबोऱ्याची आस या गोंगाटात बुडून जाते. श्रोता ध्वनी वाढवितो आणि द्रुत लयीत तबला चढला की पुन्हा कमी करतो. म्हणजेच मोटारीसाठी खरी गरज होती ती योग्य निवडीची आणि ध्वनीची पातळी समतोल राखण्याची. अधिक बिटांची नव्हे.

शांत खोलीतील श्रवणाबाबतही एकमत नाही. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाय-रिझोल्यूशन ध्वनी सीडीच्या मापातून नेल्यावर श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून अल्प, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखलपात्र असा फरक दाखविला. मोटारीत मात्र हा अल्प फरक टिकणे कठीण आहे.

तापमान आणि तबकडीचे आयुष्य

लिहिता येणाऱ्या तबकडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसरने नोंदविली जाते. उष्णता, आर्द्रता आणि प्रकाश यांमुळे हे रंगद्रव्य हळूहळू बदलते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अशा तबकड्या दीर्घकाळ जतन करण्यासाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान सुचविले आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी वाढते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले होते. या हिशेबाने नागपूरच्या उन्हात डॅशबोर्डवर राहिलेली तबकडी पासष्टहून अधिक अंशांत तापते. मोटारीसाठी तयार केलेली वस्तू मोटारीतच नष्ट होण्याची ही स्थिती आहे. दुसरीकडे नव्या मोटारींतून तबकडीवादकच नाहीसे झाले असून पेन ड्राइव्ह आणि भ्रमणध्वनी यांनी त्यांची जागा घेतली आहे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी अंशतः आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. त्यावरील प्रवासात तबकडी बदलण्याचा प्रसंग आता क्वचितच येतो.

जतनाचा प्रश्न

चित्रपटगीतांच्या बाबतीत या ऱ्हासाने विशेष हानी होत नाही. मूळ प्रती कंपन्यांकडे असतात. परंतु घरगुती फितींत आणि त्यांवरून केलेल्या तबकड्यांत बरेच असे संगीत आहे, ज्याची दुसरी प्रत नाही. शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयाने नागपुरात जी परंपरा रुजविली आणि जिच्यात वसंतराव देशपांडे यांच्यासारखा गायक घडला, त्या परंपरेच्या खासगी बैठका, पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके, दंडार, खडी गंमत, भीमगीतांचे कार्यक्रम यांची ध्वनिमुद्रणे प्रामुख्याने श्रोत्यांनीच केली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांबाबत केलेले कार्य येथे आदर्शवत आहे. फिती आणि घरगुती तबकड्या यांबाबतही तसेच कार्य होणे निकडीचे आहे.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या अंकीय रूपांतरासाठी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ हेच माप सुचविले आहे. मोटारीत जे अनावश्यक होते, ते येथे उपयोगी ठरते. अशी फीत बहुधा एकदाच नीट वाजविता येते. म्हणून त्या एका वेळी शक्य तितकी संपूर्ण नोंद घेणे इष्ट असते. कायद्याच्या दृष्टीनेही मार्ग बंद नाही. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ मधील २०१२ च्या दुरुस्तीने खासगी उपयोग आणि संशोधन यांसाठीच्या रास्त वापराची तरतूद ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. मात्र खासगी वापराची ही मुभा सार्वजनिक प्रसारणाला लागू होत नाही, याचे भान ठेवावे लागेल. कलावंत वा त्यांच्या वारसांची संमती घेणेही उचित ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मोटारीतील श्रवणाच्या इतिहासात श्रोत्याला निवडीचे स्वातंत्र्य देणारी माध्यमे टिकली आणि ते नाकारणारी मागे पडली. हाय-रिझोल्यूशन तबकडी मोटारीत यशस्वी झाली नाही. तथापि तिने सामान्य श्रोत्याला ध्वनीची काटेकोर नोंद करण्याची रीत शिकविली. ही रीत अवगत असलेली पिढी आज आपल्यात आहे आणि फिती वाजविणारी यंत्रेही अद्याप दुरुस्त होऊ शकतात. विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनी आपल्या परिसरातील अशा फिती आणि तबकड्यांची सूची करणे, त्यांवरील हस्तलिखित याद्यांची छायाचित्रे घेणे आणि दुर्मीळ ध्वनी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या मापाने उतरवून एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे शक्य आहे. या कामाला मोठा निधी लागत नाही. मात्र ते लांबणीवर टाकता येणार नाही. कारण प्रत्येक उन्हाळ्यागणिक या साधनांची संख्या घटत आहे.