कोपरा नसलेले घर

लहान मुलाच्या हाती पाटी द्यावी आणि घर काढावयास सांगावे. ते आधी चौकोन काढील, मग त्यावर त्रिकोणी छप्पर चढवील. घर म्हणजे चार भिंती, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे. भिंती आल्या म्हणजे कोपरे आले, आणि कोपरे आले म्हणजे दिवाळीच्या आधी काढावयाची जळमटेही आलीच! ह्या चौकोनाशी एका माणसाने चाळीस वर्षांहून अधिक काळ उभा दावा मांडला होता. त्याचे नाव फ्रेडरिक कीस्लर. वास्तुशिल्पी म्हणून त्याचा जगभर बोलबाला झाला. परंतु त्याची म्हणून आज बोट दाखवावे अशी मोठी इमारत एकच उभी आहे, आणि तीही तो ७४ वर्षांचा असताना पुरी झाली.

कीस्लरचा जन्म १८९० चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील चेर्नोव्हित्स गावचा. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. हा गृहस्थ मात्र आपले जन्मगाव व्हिएन्ना म्हणून सांगत असे. अंगाने ठेंगणा, उंची पुरती पाच फूटही नाही. पण बोलणे असे की भल्याभल्यांनी खुर्ची पुढे ओढून ऐकत बसावे.

त्याची सुरुवात इमारतींनी झाली नाही, नाटकाने झाली. ‘रोबो’ हा शब्द ज्या नाटकातून जगाला मिळाला ते कारेल चापेकचे ‘आर. यू. आर.’ १९२३ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे नेपथ्य कीस्लरने केले. रंगवलेला पडदा त्याने टाकूनच दिला. त्याच्या जागी उघडझाप करणारे दिवे, हलती यंत्रे, आरसे आणि चक्क चलच्चित्र! पाठीमागचा देखावा हाही एक नटच आहे, अशी त्याची धारणा होती.

दोन वर्षांनी पॅरिसला शोभाकलांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे ऑस्ट्रियाच्या नाट्यविभागाची मांडणी कीस्लरकडे आली. त्याने दालनात लाकडी पट्ट्या आणि फळ्या अधांतरी जोडून एक सांगाडा उभा केला, आणि त्यावर नाटकांचे नकाशे व नमुने लावले. ही नुसती मांडणी नव्हे, हे उद्याचे नगर आहे, असे तो सांगू लागला. नगराला भिंती नकोत, पाया नको, जमीनही नको! त्याच प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए ह्यांचेही दालन होते. चंडीगडमुळे त्यांचे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. घर हे राहण्याचे यंत्र होय, हे त्यांचे वचन त्या वेळी तरुण वास्तुशिल्पींच्या तोंडी झाले होते. कीस्लरला ते कधीच पटले नाही. यंत्राला ठरलेले काम असते. माणूस घरात काय काय करील ह्याचा नेम नाही.

१९२६ साली एका नाट्यप्रदर्शनाच्या निमित्ताने तो पत्नीसह न्यूयॉर्कला गेला आणि तेथलाच झाला. पोटासाठी त्याने दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवल्या. १९२९ मध्ये एक चित्रपटगृह बांधले. आज त्याचे ते रूप उरलेले नाही. १९३४ पासून ज्युलियार्ड संगीतविद्यालयात नेपथ्याचे काम मिळाले, आणि पुढली वीसहून अधिक वर्षे त्याची चूल मुख्यतः त्यावरच पेटली.

ह्याच काळात कोलंबिया विद्यापीठात त्याला एक लहानशी प्रयोगशाळा मिळाली. तेथे विद्यार्थ्यांना घेऊन तो काय अभ्यासत होता? तर पुस्तकांचे कपाट! उभ्या माणसाचा हात किती उंच पोचतो, वाकताना शीण कोठे पडतो, धूळ कोठे साठते, ह्याची मापे घेऊन त्याने फिरत्या कपाटाचा नमुना बनवला. वस्तू एकटी नसते. ती वापरणारा माणूस, भोवतालची जागा आणि ती वस्तू ह्यांच्यामध्ये सतत देवघेव चाललेली असते, हा त्याचा सिद्धान्त. त्याला त्याने ‘कोरिअ‍ॅलिझम’ असे अवघड नाव दिले होते. नाव विसरले तरी चालेल. आपल्या आजीला तिचा पाट आणि तिची चूल ह्यांचे नाते नाव न देताच कळत होते.

ह्या सिद्धान्ताचा खरा कस लागला तो १९४२ च्या ऑक्टोबरात. पेगी गुगनहाइम ह्या धनाढ्य आणि हौशी बाईंनी युद्धग्रस्त युरोपातून परतताना नव्या चित्रकलेचा मोठा संग्रह अमेरिकेत आणला होता. त्यासाठी न्यूयॉर्कच्या सत्तावन्नाव्या रस्त्यावर, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, कीस्लरने दालन सजवले. चित्रांच्या चौकटी काढून टाका, ही त्याची पहिली अट. अतिवास्तववादी चित्रांच्या खोलीत त्याने लाकडाच्या बाकदार भिंती उभारल्या, आणि चित्रे भिंतीवर न टांगता भिंतीतून पुढे आलेल्या दांड्यांवर अशी बसवली की प्रेक्षकाने हाताने ती आपल्याकडे कलती करावी. दिवेही एकदा ह्या बाजूचे, एकदा त्या बाजूचे असे लागत आणि मालवत. लोकांनी कुरकुर केली तेव्हा हा प्रकार बंद करावा लागला. दुसऱ्या खोलीत चित्रे दोऱ्यांवर अधांतरी तोललेली. उद्‌घाटनाच्या रात्री पेगीबाईंनी एका कानात काल्डरने घडवलेले कर्णभूषण घातले आणि दुसऱ्या कानात तांगीने केलेले. एक अमूर्त कलेचा मानकरी, दुसरा अतिवास्तववादी; कोणत्याच पंथाला रुसावयास जागा नको!

पण ह्या सगळ्यात माझ्या मते खरी नवलाची वस्तू म्हणजे तेथल्या बैठका. लाकडाची बाकदार चौकट, वर रंगीत लिनोलियम. सरळ ठेवली की खुर्ची. उलटी केली की मूर्तीची बैठक. आडवी केली की बाक. दोन जोडून वर फळी टाकली की मेज. एखादीवर चित्रही टेकवून ठेवावे. ह्या एका वस्तूचे सात उपयोग पेगीबाई सांगत. कीस्लर अठरा सांगे. अठरा जरा जास्तच झाले, तरी सात खोटे नव्हते. ही खुर्ची म्हणावी की शिल्प, की एका खोलीत मावेल एवढी इमारत? १९४७ मध्ये दालन बंद पडले. तिथल्या बैठका आज संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांवर कोणी बसावयाचे नाही, असा दंडक आहे!

शिल्पाकडेही तो असाच मागल्या दाराने आला. ज्युलियार्डमध्ये एका संगीतिकेसाठी त्याने लाकडाचे तुकडे एकात एक अडकवून नेपथ्य केले होते. तेच पुढे ‘गॅलक्सी’ ह्या नावाने १९५२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात शिल्प म्हणून मांडले गेले.

आणि ते घर? १९५० साली त्याने मातीचा एक लहानसा गोळा लोकांपुढे ठेवला. दिसावयास अंड्यासारखा, आत पोकळ. हे त्याचे ‘अंतहीन घर’. अंड्याचे कवच किती पातळ, पण चोहोंकडून दाब आला तरी तो सगळीकडे सारखा वाटला जातो. आत खांब लागत नाही, तुळई लागत नाही. तसेच जमीन, भिंत आणि छप्पर ही एकाच कवचाची वळणे असावीत. कोपरा कोठेच नाही. चालत राहिले की पुन्हा आरंभाला यावे, म्हणून अंतहीन. पायांखाली कोठे गोटे, कोठे वाळू, कोठे लाकूड. न्हाणीच्या जागी लहानसे कुंड. उजेड आत येताना रंगीत लोलकातून यावा, म्हणजे घड्याळ न पाहता रंगावरून प्रहर कळावा.

येथे वाचकांतील गृहिणी विचारतील, की भिंत वाकडी असली तर फळी कोठे ठोकावी, आणि कपाट कोठे टेकवावे? प्रश्न रास्त आहे. कीस्लरच्या मते कपाट मुळात वेगळे असावयासच नको; ते भिंतीतूनच उगवावे. तरीही मला वाटते, चार पिढ्यांची भांडी आणि आल्यागेल्याच्या गाद्या घेऊन त्या अंड्यात कोणी संसार थाटला असता, तर अठरा उपयोगांच्या खुर्चीचीही दमछाक झाली असती.

तो प्रसंग आलाच नाही. आधुनिक कलासंग्रहालयाने आपल्या बागेत १९४९ साली मार्सेल ब्रॉयरचे घर पूर्ण आकारात बांधवून लोकांना दाखवले होते, १९५४ मध्ये जपानी घर दाखवले होते. मग कीस्लरचेही बांधावे असा विचार निघाला, आणि १९५८ पासून तो मोठ्या उमेदीने कामाला लागला. तारेच्या जाळीवर सिमेंट थापून त्याने सुमारे आठ फूट लांबीचा नमुना केला. बागेत मात्र घर उभे राहिले नाही. १९६० साली त्याच संग्रहालयाने स्वप्नातल्या वास्तूंचे प्रदर्शन भरवले, त्यात तो नमुना मांडला गेला. सत्तर वर्षांच्या माणसाला ही जागा किती बोचली असेल! पण सारा दोष जगावर टाकता येत नाही. दहा वर्षे तो एकाच घराची माती पुन्हा पुन्हा मळत होता, आणि मळणे त्याला संपवावयाचे होते असे दिसत नाही.

जे घर मिळाले नाही त्याच्याऐवजी एक मडके मिळाले. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी, कुमरानच्या गुहांत, धनगरांना मातीच्या रांजणांत ठेवलेल्या प्राचीन हिब्रू पोथ्या सापडल्या. त्यांपैकी चार १९५४ साली अमेरिकेत विक्रीला आल्या. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये किरकोळ विक्रीच्या सदरात त्यांची जाहिरात होती! गॉट्समन नावाच्या कागदाच्या व्यापाऱ्याच्या पैशाने त्या अडीच लाख डॉलरला इस्राएलसाठी घेतल्या गेल्या. त्यांचे जावई आर्मंड बार्टॉस हे वास्तुशिल्पी होते, आणि कीस्लर त्यांचा भागीदार. जेरुसलेममध्ये पोथ्यांसाठी मंदिर बांधण्याचे काम ह्या नात्यातून त्याच्याकडे आले, हे सांगितले पाहिजे.

कीस्लरने पाहिले ते पोथीकडे नव्हे, रांजणाच्या झाकणाकडे. कुंभाराने चाकावर ओढलेले ते झाकण त्याने प्रचंड मोठे केले, आणि तेच घुमट झाले: शुभ्र, वर निमुळते होत गेलेले. त्याचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. भोवती पाणी आहे, आणि कारंजी त्या पांढऱ्या पाठीवर पाणी उडवीत असतात. समोर काळ्या दगडाची एक भिंत एकटीच उभी आहे. प्रकाशाचे पुत्र आणि अंधाराचे पुत्र ह्यांच्या युद्धाची कथा एका पोथीत आहे, तिची ही खूण. आत गुहेसारखी वाट, आणि ती संपल्यावर घुमटाखाली गोल मंच. पोथी ज्या दांड्याभोवती गुंडाळतात तशा दांड्याची आकृती मंचातून वर निघते, आणि मंचाभोवती यशायाची पोथी गोल गुंडाळून मांडली होती. उजेडाने चामडे खराब होऊ लागले, तेव्हा पुढे तिच्या जागी प्रतिकृती ठेवण्यात आली.

ह्या वास्तूचे उद्‌घाटन १९६५ च्या एप्रिलात झाले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला कीस्लर न्यूयॉर्कला वारला. अंतहीन घराचे नमुने निरनिराळ्या संग्रहालयांत गेले. ढिगांनी असलेली त्याची रेखाटने आणि कागदपत्रे त्याच्या दुसऱ्या पत्नीने, लिलियनने, तीस वर्षे सांभाळली. १९९७ मध्ये त्यांच्यासाठी एक संस्था स्थापन झाली आणि ती सारी समुद्र ओलांडून व्हिएन्नाला गेली.