जुन्या फोनचें आयुष्य कोणाच्या हातीं?

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या एखाद्या खणांत एक जुना स्मार्टफोन पडून असेल. त्याची कांच शाबूत असते, बॅटरी टिकते, पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकूं येतो; तरीहि घरांतील कोणी त्याला हात लावीत नाहीं. त्याच्या सेटिंगमध्यें जाऊन अपडेटची चौकशी केली, तर 'आपला फोन अद्ययावत् आहे' असें उत्तर तो मोठ्या विश्वासानें देतो. तें उत्तर त्याच्या परीनें खरेंच असतें. कारण त्याच्यासाठीं नवें कांहीं करावयाचें नाहीं, असें कोठें तरी कोणीं तरी कधींच ठरवून टाकलेलें असतें. हा निर्णय कसा होतो, हें समजण्यासाठीं अँड्रॉइडचा थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

अँड्रॉइड नांवाची छोटी कंपनी २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें निघाली. २००५ सालीं गूगलनें ती विकत घेतली, आणि २२ ऑक्टोबर २००८ रोजीं एचटीसीचा 'ड्रीम' हा या प्रणालीवर चालणारा पहिला फोन अमेरिकेंत विक्रीस आला. पुढील वर्षीं त्याला १.५ व १.६ या आवृत्त्या मिळाल्या, आणि तेथेंच त्याची अधिकृत वाढ खुंटली. याच फोनसाठीं स्टीव्ह कॉन्डिक या प्रोग्रॅमरनें २००९ मध्यें 'सायनोजेनमॉड' ही आपली स्वतंत्र आवृत्ति तयार केली. कंपनीच्या मर्जीवर न विसंबतां हौशी माणसांनीं फोन हातीं घेण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

गूगल नवी आवृत्ति प्रसिद्ध करतें. पण ती थेट फोनांत उतरत नाहीं. तिच्या बुडाशीं लिनक्स आहे, आणि त्या लिनक्सला फोनमधील चिप, कॅमेरा, पडदा यांच्याशीं बोलावयाचें तर ड्रायव्हर नांवाचे प्रोग्रॅम लागतात. चिपचे ड्रायव्हर चिपचा कारखानदार लिहितो, आणि त्यांतील पुष्कळसा भाग तो उघड करीत नाहीं. त्यानंतर फोन बनविणारी कंपनी आपले फेरफार करते. कित्येक देशांत टेलिफोन कंपनीचीहि मान्यता लागते. राजधानींतून निघालेला हुकूम जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कचेऱ्यांतून फिरत फिरत गांवच्या चावडीवर यावा, तसाच हा प्रकार. वाटेंतील एका कचेरीस टाळें लागलें कीं चावडीवर कांहीं येत नाहीं, आणि आलें नाहीं हेंहि कोणी कळवीत नाहीं.

मे २०११ मध्यें गूगलनें मोठ्या उत्पादकांना बरोबर घेऊन, नव्या फोनांना अठरा महिने अपडेट देण्याचें वचन जाहीर केलें. घोषणेस टाळ्या पडल्या. अंमलबजावणीचें कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सॅमसंगनें बनविलेला 'गॅलक्सी नेक्सस' बाजारांत आला. हा गूगलचा स्वतःचा मानलेला फोन. नवी आवृत्ति प्रथम यालाच मिळावयाची, म्हणून जाणकारांनीं तो हौसेनें घेतला. त्यांतील चिप टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची होती. पुढें २०१२ सालीं त्या कंपनीनें फोनच्या चिपांचा धंदा सोडण्याचें ठरविलें. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजीं किटकॅट ही ४.४ आवृत्ति निघाली, तेव्हां गॅलक्सी नेक्ससला ती मिळणार नाहीं असें गूगलनें सांगितलें. कारण दिलें तें अठरा महिने उलटल्याचें. यांतील विसंगति अशी कीं, किटकॅट ही ५१२ एमबी रॅमच्या स्वस्त फोनांवरहि चालावी अशी मुद्दाम हलकी केलेली आवृत्ति होती, आणि या फोनमध्यें तर १ जीबी रॅम! स्वयंसेवकांनीं पुढें तीच आवृत्ति त्याच फोनवर चालवून दाखविली. फोन म्हातारा झाला होता, हें म्हणणें मग कितपत खरें धरावयाचें?

हिंदुस्थानांत हा प्रश्न अधिक टोंचतो, कारण येथें फोन घेणाराचा खिसा बेताचा. १५ सप्टेंबर २०१४ रोजीं गूगलनें 'अँड्रॉइड वन' ही योजना प्रथम भारतांतच सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस या कंपन्यांचे फोन ₹६,३९९ पासून मिळूं लागले, आणि दोन वर्षेंपर्यंत अपडेट गूगलकडून मिळतील असें सांगण्यांत आलें. कल्पना चांगली होती. मुदत मात्र तोकडी.

२०१५ च्या जुलैंत 'स्टेजफ्राइट' हा दोष उघडकीस आला. केवळ एका चित्रसंदेशानें फोन परक्याच्या ताब्यांत जाऊं शकतो, हें कळल्यावर दरमहा सुरक्षा-अपडेट देण्याची प्रथा पडली. २०१७ च्या आठव्या आवृत्तींत चिपचा भाग व अँड्रॉइडचा भाग वेगळे ठेवणारी 'ट्रेबल' ही रचना आली. उपाय योग्यच होता. पण तोंवर विकले गेलेले कोट्यवधि फोन जुन्याच रचनेचे.

त्या फोनांवर काय प्रसंग ओढवतो, हें २०२० मध्यें स्पष्ट झालें. संकेतस्थळांना ओळखीचे दाखले देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचें स्वतःचें मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या आधींच्या अँड्रॉइडांना ठाऊकच नव्हतें. ज्या जुन्या प्रमाणपत्राच्या आधारानें काम चाललें होतें, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजीं संपणार होती. त्या वेळीं वापरांतील सुमारें एक तृतीयांश अँड्रॉइड फोन यांत सांपडले होते. असंख्य संकेतस्थळें त्यांच्यावर उघडेनाशीं झालीं असतीं. मात्र मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली कीं नाहीं, हें अँड्रॉइड तपासून पाहतच नाहीं! याच गोष्टीचा उपयोग करून संस्थेनें आणखी तीन वर्षें निभावून नेलीं. फायरफॉक्स हा ब्राउझर प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो, म्हणून त्याच्या आश्रयानेंहि कांहीं फोन तरले. ३० सप्टेंबर २०२४ ला तीहि सवलत संपली. तोंवर अडचणींतील फोनांचें प्रमाण पुष्कळच घटलें होतें. पण तें मुख्यतः लोकांनीं नवे फोन घेतल्यामुळें.

ऑक्टोबर २०२३ मध्यें गूगलनें पिक्सल ८ ला व पुढच्या जानेवारींत सॅमसंगनें गॅलक्सी एस २४ ला सात वर्षें अपडेट देण्याचें कबूल केलें. दोन्ही फोन महागांतले. युरोपीय संघानें तर २० जून २०२५ पासून कायदाच लागू केला, कीं एखाद्या फोनची विक्री बंद झाल्यावरहि किमान पांच वर्षें त्याचीं अपडेट मिळालीं पाहिजेत. कपाटाच्या खणांतील फोन या तारखेच्या कितीतरी आधीं विकला गेलेला आहे.