सोलापुरी चादरीच्या बॅगा विकताय? पोस्ट अशा आखा

सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये जीआय टॅग, म्हणजेच भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून दुसरीकडचा माल विकला जातो. त्यामुळे चादरीच्या कापडाच्या बॅगा शिवणाऱ्यांना ग्राहक आधी हेच विचारतो : कापड खरंच सोलापूरचं आहे का?

उत्तर व्हिडिओतून द्या. परवानगी घेऊन यंत्रमाग कारखान्यात एक सकाळ घालवा. जॅकार्डची नक्षी कशी उतरते, सुती वीण जवळून कशी दिसते, असे छोटे तुकडे शूट केले की महिनाभराच्या रील्स निघतात. मागाचा खडखडाट तसाच ठेवा. ट्रेंडिंग गाण्यापेक्षा तोच बरा, निदान मला तरी.

आता तारखा. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. त्या दिवशी नुसत्या शुभेच्छा टाकून ऑर्डर येत नाहीत. शिवणकामाला आठ दिवस, कुरिअरला पाच धरले, तर बॅगेची पोस्ट डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच हवी.

जीआयचा लोगो मात्र परस्पर लावू नका. मानांकन चादरीला आहे, बॅगेला नाही. शिवाय ते वापरण्याचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच असतो. ‘सोलापुरी चादरीच्या कापडापासून शिवलेली’ एवढंच लिहा आणि कापड खरेदीचं बिल जपून ठेवा.