हातातली चार कामं आणि एक उद्यापन



आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी एक पिशवी असते. तिच्यात निम्मं विणलेलं क्रोशाचं तोरण असतं, मॅटीवर अर्धं भरलेलं कमळ असतं, मण्यांची सुटलेली सर असते आणि नातवासाठी सुरू केलेली, तो मोठा झाला तरी न संपलेली दुपटी असते. घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, "एक संपव, मग दुसरं घे." आपण हसतो आणि दुसऱ्या दिवशी पाचवं काम काढतो.

एका वेळी चार हातकामं चालू ठेवायची ही आजकालची खोड, असं बरेच जण समजतात. आपल्या समाजाचा इतिहास पाहिला, तर ही रीत फार जुनी दिसते. फरक एवढाच, की पूर्वी कामं अर्धवट राहत नसत. तसं का, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्या इंझोरीपासून जवळच्या कारंज्यापर्यंत गेलं तरी पुरे.

शिल्प हे सहांतलं एक

भगवान ऋषभदेवांनी माणसाला जगायला सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणात हे विस्ताराने सांगितलं आहे. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवल्याची कथाही तिथलीच. म्हणजे हाताने वस्तू घडवणं हे शेती-व्यापाराच्या पंक्तीला बसलेलं आहे. रिकामपणी करायचं फुटकळ काम, असं त्याला कुठे म्हटलेलं नाही.

पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरतीही आहे. प्रयोजन नसताना केलेली खटपट टाळावी, असं ती सांगते. तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी हातकामाला प्रयोजन जोडलं. ते प्रयोजन बहुतेक वेळा व्रताच्या उद्यापनाचं असे.

उद्यापनाची तारीख

आपल्याकडे व्रत घेताना ते किती वर्षांचं, हे आधी ठरतं. व्रत पुरं झालं की उद्यापन. त्या वेळी मंदिरजीला उपकरणं द्यायची: चंदोवा, तोरण, शास्त्राचं वेष्टन, चौकीवरचं वस्त्र, जपमाळा, आणि ऐपत असेल तर शास्त्राची नक्कल. गुजराती-मारवाडी भगिनींकडे यालाच उजमणं म्हणतात आणि त्यासाठी मखमलीवर जरीने भरलेले छोड करतात. त्यात पुठिया, तोरण आणि चंदरवा असा संच असतो.

पाच वर्षांचं व्रत घेतलेल्या बाईच्या हाती पाच वर्षं असत. ती एकाच वस्तूवर बसून राहत नसे. चंदोव्याचं भरतकाम दिवसा, नजर ताजी असताना व्हायचं. जपमाळेच्या गाठी बोलता बोलता मारता यायच्या. वेष्टनाच्या कडा दुमडायला दुपारचा अर्धा तास पुरायचा. शिवाय घरच्या गोधड्या आणि लेकीच्या लग्नाचं रुखवत होतंच. कामं चार असली तरी प्रत्येकाचं घर ठरलेलं होतं, आणि शेवटचा दिवसही ठरलेला होता.

आपल्या वऱ्हाडाचं ऋतुचक्रही यात मदत करायचं. दिवाळीनंतर कापूस घरात आला की गोधड्यांचे दिवस. माघापासून लग्नसराई, म्हणून रुखवत. उन्हाळ्यात पापड-शेवयांतून हात मोकळा झाला की ज्येष्ठ शुद्ध पंचमीची, म्हणजे श्रुतपंचमीची तयारी. मग चातुर्मास आणि भाद्रपदातलं दशलक्षण पर्व. त्यात विधान असलं की रंगीत तांदळाचा मांडणा काढायचा. दिव्यावर जीव झेपावतात म्हणून पावसाळ्यात रात्रीची बारीक कामं टाळायची, आणि ती दुपारवर आली की रात्र स्वाध्यायाला राहायची.

वेष्टन: साधं कापड, मोठं काम

श्रुतपंचमीचं महत्त्व तुम्हांला माहीत आहे. आचार्य धरसेनांकडून ज्ञान घेऊन पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम ग्रंथारूढ केला, त्या पूर्णतेचा हा दिवस. या दिवशी शास्त्रभांडारातली बासनं सोडायची, पोथ्यांना हवा द्यायची, कोवळं ऊन दाखवायचं आणि नव्या वेष्टनात बांधून ठेवायचं, अशी रीत.

पोथी सुटी पानांची. खाली-वर लाकडी पाट्या किंवा जाड पुठ्ठे, त्यांवर चौकोनी सुती कापड आणि वरून दोरी. कापड घट्ट गुंडाळलं की धूळ आणि कीड आत जात नाही आणि पानं सरकत नाहीत. रेशमापेक्षा सूत बरं, कारण रेशमासाठी कोशातला जीव जातो. आणि सुताला आपल्या भागात काय तोटा! हा कापसाचाच मुलूख.

कारंजा हे पोथ्यांचं मोठं माहेर. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक परंपरांची पीठं या एका गावात होती आणि तिन्हींची मंदिरं आजही आहेत. काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहायला लोक मुद्दाम येतात. इथल्या भांडारांनी किती राखलं, याचा अंदाज रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांची सूची छापली तेव्हा बाहेरच्या जगाला आला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित करून काढले. पुष्पदंत कवीचं जसहरचरिउ डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं, ते 1931 साली याच मालेत आलं.

हजार वर्षांपूर्वीच्या कवीचे शब्द आपल्यापर्यंत पोचले ते कोणीतरी लिहिले, कोणीतरी लिहवून घेतले आणि कोणीतरी दरवर्षी कापडात बांधले म्हणून. पहिल्या दोघांची नावं पोथीच्या शेवटी प्रशस्तीत सापडतात. कापड शिवणारीचं नाव कुठेही नाही.

लिहवून घेणाऱ्या

प्रशस्तींत बायकांची नावं बरीच आहेत, ही आपल्या समाजाची अभिमानाची गोष्ट. कर्नाटकातली अत्तिमब्बे दहाव्या शतकातली. पती नागदेव लवकर गेला. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या 1000 प्रती ताडपत्रावर लिहवून वाटल्या आणि 1500 जिनप्रतिमा करवल्या, असं सांगतात. रन्न कवीने 993 साली अजितपुराण रचलं ते तिच्याच आश्रयाने.

दुसरं नाव मल्लिकाब्बेचं. शांतिसेन राजाची ही पत्नी. तिने श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला महाबंधाची ताडपत्री प्रत लिहवून घेतली आणि माघनंदी मुनींना अर्पण केली. मूडबिद्रीच्या भांडारात षट्खंडागमाचा हा शेवटचा खंड टिकला तो या प्रतीमुळे. एका बाईचं व्रत आणि त्याचं उद्यापन, त्यावर आगमाचा एक खंड तगला.

या दोघींनी लिहवून घेतलं. पण स्वतःच्या हाताने लिहिणारी एक बाई आपल्या अगदी जवळच्या काळातली आहे, आणि तिच्या कामाचा धागा थेट कारंज्यापर्यंत येतो.

लक्ष्मीबाईंची नक्कल

षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका 72,000 श्लोकांएवढी, आणि कसायपाहुडावरची जयधवला 60,000 श्लोकांएवढी. कित्येक शतकं या दोन्ही मूडबिद्रीलाच होत्या. जुन्या कन्नड लिपीत, ताडपत्रावर. लोक दर्शन घेत, वाचत कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट करून नक्कल सुरू करवली. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय या कामावर होते. काम फार वर्षं चाललं.

ही प्रत मूडबिद्रीबाहेर जाऊ नये, अशी तिथल्या मंडळींची इच्छा होती. गजपती शास्त्रींनी मात्र गुपचूप एक कन्नड नक्कल तयार केली, आणि ती करताना त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा हात होता. असं करणं बरोबर की चूक, यावर मतं वेगळी असू शकतात. पण पुढे जे झालं ते पाहा. ती नक्कल सहारनपूरला लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तिथे सीताराम शास्त्रींनी ती नागरीत उतरवली, स्वतःजवळही एक प्रत ठेवली, आणि त्या प्रतीवरून आणखी नकला झाल्या. त्यांतल्या अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती समोर ठेवून डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन केलं. 1939 साली धवलेचा पहिला भाग अमरावतीहून छापून निघाला. एकूण 16 भाग झाले.

आज आपण स्वाध्यायात धवलेचं नाव घेतो. त्या छापील पानामागे लक्ष्मीबाईंचा हात आहे. हे काम म्हणजे अर्थात छंद नव्हता. पण घरातली बाई, घरातला वेळ आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं करत पुढे नेलेलं हातकाम, ही चौकट आपल्या ओळखीची आहे. आणि त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे याचं कारण इतकंच, की प्रस्तावना लिहिताना डॉ. हिरालाल जैनांनी ते नोंदवलं.

मशीन, मॅटी आणि रुखवत

विसाव्या शतकात हातकामाचं रूप पालटलं. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रम काढला. पुढे सोलापूरला पंडिता सुमतिबाई शहांनी तेच काम वाढवलं. धर्मशिक्षणाबरोबर शिवण-टिपण शिकून विधवा आणि एकट्या बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा विचार. पुण्यात 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनाचीही दिशा तीच होती. कारंज्यात 1918 साली महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला आणि मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. मुलींच्या शिक्षणाला वेग यायला मात्र वेळ लागला, आणि तोवर पुष्कळ घरांत सुई हीच मुलींची पाटी-पेन्सिल होती.

मग पायाचं शिवणयंत्र आलं, रंगीत धाग्यांच्या लड्या आल्या, मॅटीचं कापड आलं. रुखवतात लोकरीची तोरणं, मण्यांची बदकं आणि क्रोशाचे रुमाल सजू लागले. वस्तू वाढल्या तसं उद्यापनाशी असलेलं नातं सैल होत गेलं. हातकाम हौशीचं झालं. हौस काही वाईट नाही. पण हौशीला शेवटची तारीख नसते, आणि आपल्या पिशवीतला गुंता तिथूनच सुरू झाला.

ताळेबंद

मी वाणिज्य शाखेची. आमच्या शास्त्रात अर्धवट मालालाही ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जागा असते, अट एकच, त्यावर काम चालू असलं पाहिजे. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल एक दिवस खर्ची टाकावा लागतो. आपल्या धर्माच्या भाषेत त्यालाच परिग्रह म्हणता येईल. कपाटात दहा मीटर मॅटी आणि पाच डबे मणी पडून असतील, तर परिग्रहपरिमाणाचा विचार तिथेही करायला हवा.

म्हणून जुन्या रीतीतून चार गोष्टी घ्याव्यात असं वाटतं.

एक, कामं चार असोत, पण चार प्रकारची असोत. एक नजरेचं, एक नुसत्या हाताचं, एक मोजणीचं आणि एक बसल्या बसल्या करायचं. चारही मोजणीचीच असली तर चारही अडतात.

दोन, प्रत्येक कामाला एक दिवस बांधा. श्रुतपंचमी, दशलक्षण, महावीर जयंती, असा कोणताही. तो दिवस म्हणजे त्या कामाचं उद्यापन.

तीन, नवं सामान आणण्याआधी घरातलं एक काम पूर्ण करा, किंवा ते पूर्ण करील अशा मुलीला देऊन टाका. दिलं म्हणजे संपलं, असं समजायला हरकत नाही.

चार, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वस्तूच्या मागच्या बाजूला नाव, गाव आणि साल टाक्यांनी लिहा. हे मिरवणं नव्हे, ही प्रशस्ती आहे, पोथीच्या शेवटी असते तशीच. जुनी वेष्टनं मळली म्हणून काढून टाकतात आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या येतात. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते, पानांना ती मानवत नाही. आणि जुन्या कापडाबरोबर ते शिवणारीची उरलीसुरली खूणही जाते. तुमच्या गावच्या मंदिरजीत असं एखादं जुनं वेष्टन किंवा चंदोवा असेल, तर टाकण्याआधी म्हाताऱ्या बायकांना विचारा, हे कोणाच्या हातचं? कोणाच्या व्रताचं? जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा.

येत्या श्रुतपंचमीला आपण प्रत्येकीने एक सुती वेष्टन शिवून द्यायचं का? सव्वा हात कापड, चारी बाजूंनी दुमड, एक दोरी आणि कोपऱ्यात नाव. पिशवीतलं तोरण तोवर थांबेल.