आमच्या तबकड्यांची हकीकत

मंडळाच्या कपाटात तबकड्यांचा एक डबा आहे. हळदीकुंकू, भोंडला, सहली, सारे त्यात. स्मरणिकेच्या निमित्ताने यंदा तो उघडला, तो निम्म्या तबकड्या मुक्या! घरी भरलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ऊन नि उष्णता यांनी तो विटतो. आणि आमचे कपाट नेमके पश्चिमेच्या खिडकीशी, तेही नगरच्या उन्हाळ्यात!

असे हरवणे नवे नव्हे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' 1931 सालचा. चित्रपट जपणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यास निघाले 1964 साली. आज त्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. घरगुती चित्रणाचे संग्रहालय तर आपणच व्हावयाचे.

व्हीसीडी निघाली 1993 साली, डीव्हीडी मागोमाग. डीव्हीडीतील चित्रण एकेक जीबीच्या तुकड्यांत साठविलेले असते. मी घाईने प्रत्येक तुकड्याची निराळी फाईल केली, तर आमच्या दिवंगत अध्यक्षाबाईंची जात्यावरची ओवी मध्येच तुटली. भाचीने तुकडे आधी जोडले, मग एमपी-फोर फाईल केली. ती मोबाईलवर चालते आणि ओवी सलग ऐकू येते. चित्र मात्र होते तितकेच अंधुक आहे. फाईल बदलल्याने ते उजळते असे कोणी सांगितल्यास पैसे देऊ नयेत.

दोन प्रती केल्या आहेत. एक मंडळात, एक माझ्या घरी. भंडारदऱ्याच्या सहलीची तबकडी मात्र काही केल्या उघडत नाही. कोणा भगिनीकडे तिची प्रत असल्यास कृपया आणून द्यावी.